आप्पांच्या कुत्र्याला आम्ही समुद्र दाखवला

आई गेल्यावर आप्पांनी गावातल्या घराला कुलूप घातलं आणि ते आखाड्यावर राहायला गेले. आखाडा म्हणजे कुस्त्यांचा नव्हे. आमच्याकडं शेतातल्या निवाऱ्याला आखाडा म्हणतात. पालमकडच्या आमच्या रानात चार पत्रे, एक बाज, एक बोअर आणि लिंबाचं झाड, एवढाच तो आहे. तिथं माझे वडील आणि त्यांचा कुत्रा असे दोघं राहायचे. मी परभणीत शाळेत शिकवते. दर रविवारी एसटीनं जायचं, डबा द्यायचा, "चला आता माझ्याकडं" म्हणून भांडायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, असं माझं चाललं होतं.

आप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं. "याला कुठं ठिवू माय?"

आमच्या इमारतीत कुत्रा पाळायला बंदी आहे. एकदा मी चिडून म्हणाले, "आप्पा, तुम्हाला लेक पाहिजे का कुत्रा, एकदा सांगून टाका." ते हसले नाहीत. म्हणाले, "तू रविवारची हायेस. ह्यो रोजचा हाय." मग मी डबा धुवायला घेतला.

कुत्रा बदामी रंगाचा, गावठी, एक कान फाटलेला. त्याला नाव नव्हतं. "नाव ठिवलं की जीव अडकतोय," असं आप्पा म्हणायचे. जणू बिननावाचा जीव मोकळाच राहतो. अर्धी भाकरी त्याची आणि अर्धी यांची. एका रविवारी मी पाठीमागून आले, तर आप्पा त्याला विचारत होते, "तुरीला पाणी द्यावं का आजून चार दिस थांबावं?" आणि उत्तराची वाट पाहत होते. मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. आई असताना हा प्रश्न ते आईला विचारायचे.

मागच्या उन्हाळ्यात मी ठरवलं की या माणसाला चार दिवस तरी त्या पत्र्याखालून बाहेर काढायचं. आप्पांनी समुद्र पाहिला नव्हता. आईनंही नव्हता पाहिला, आणि तिच्या बाबतीत आता इलाज नव्हता. मोबाईलवर शोधता शोधता कोकणातल्या एका गावात समुद्राजवळची एक कॉटेज सापडली. सगळ्या कुटुंबाला पुरेल एवढी, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की कुत्र्यालाही आणा. मी फोन लावला. मालकीणबाईंनी विचारलं, "कुत्रा कोणत्या जातीचा?" मी म्हटलं, "आखाड्याचा." त्यांना ती जात माहीत नव्हती. त्यांनी फक्त लसी टोचून घ्यायला सांगितल्या.

आता आप्पांकडं नाही म्हणायला कारण उरलं नाही. तरी त्यांनी एक काढलंच. "एवढ्या लांब कुत्र्याला कोण नेतंय का? लोक येड्यात काढतील." मी म्हटलं, "तुम्ही रोज त्याला शेतीचा सल्ला विचारता, ते चालतं काय?"

पहाटे निघालो. माझे हे गाडी चालवत होते, आमची दहा वर्षांची लेक पुढं, आणि मागं आप्पा, मी आणि मधोमध पोत्यावर कुत्रा. घाटात तो दोनदा ओकला. आप्पांनी दोन्ही वेळा स्वतःच्या पटक्यानं त्याचं तोंड पुसलं. दिवेलागणीला पोहोचलो. मालकीणबाई साठीच्या, कामसू आणि मायाळू. त्यांनी आधी कुत्र्याला पाणी ठेवलं आणि मग आम्हाला. मला ते आवडलं आणि थोडं टोचलंही.

भिंतीवर सूचनांचा कागद चिकटवलेला होता. कुत्र्याला पलंगावर घेऊ नये, पाय पुसून आत आणावं, असलं सगळं. मी मास्तरीण, कागद दिसला की मोठ्यानं वाचायची खोड. प्रत्येक सूचनेवर आमची हसाहशी. कारण आमचा कुत्रा उभ्या जन्मात छपराखाली झोपला नव्हता, पलंग कुठला. एक सूचना अशी होती की समुद्रावर जाताना कुत्र्यासाठी गोड्या पाण्याची बाटली सोबत न्यावी. आप्पा म्हणाले, "पाण्याच्या काठाला जाताना पाण्याची बाटली? हे लोक लय सुखी हायेत." आप्पा सोडून सगळे हसले. मीही हसले, आणि पुढची सूचना वाचली.

सकाळी समुद्रावर गेलो. आप्पा धोतराचा सोगा हातात धरून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "एवढं पाणी हाय, आन् आपण आपलं मरायलाव तिकडं." कुत्रा मात्र पहिल्यांदा घाबरला आणि मग असा सुटला की विचारू नका. खेकड्यांमागं धावला, लाटांवर भुंकला, माझ्या लेकीला पाडून पळाला. आखाड्यावर तो कधी खेळताना पाहिला नव्हता. तिथं तो नोकरीवर असायचा. आप्पा त्याच्यामागं वाळूतून दुडदुडत होते, आणि हसत होते. आई गेल्यापासून आप्पांच्या हसण्याचा आवाज मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकला. त्याबद्दल मी त्या समुद्राचे मनातल्या मनात आभार मानले होते, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

ऊन चढलं. कुत्र्याची जीभ बाहेर आली. तो लाटेच्या कडेला गेला, खडकातल्या डबक्याला त्यानं तोंड लावलं आणि लपालपा प्यायला लागला. मी ओरडले, "ए, हट." आप्पांनी हात आडवा धरला. आमच्याकडं पाण्याला तोंड लावलेल्या जनावराला हटकत नाहीत. बैल असो, शेरडू असो की परक्याचं कुत्रं असो, त्याचं होईपर्यंत माणूस थांबतो. घागर भरायची असली तरी थांबतो. मीही त्यातच वाढले आहे.

"खारट आहे ते, आप्पा," मी म्हटलं.

"आपल्या बोअरचं काय साखरंचं हाय? त्याच्यावरच वाढलंय ते. आन् जनावराला कळतंय काय प्यावं काय न्हाई. मानसालाच कळत न्हाई."

आमच्या बोअरचं पाणी खरंच मचूळ आहे, पाहुण्यांना पहिला घोट जड जातो. मला ते पटलं. आम्ही सगळे उभे राहिलो, आणि त्याचं पिऊन होऊ दिलं. तासाभरानं तो परत प्यायला, तेव्हा मी हाकसुद्धा मारली नाही.

दुपारी तो जेवला नाही. मग ओकला, मग पातळ जुलाब. अंगणात चालताना मागचे पाय लटपटायला लागले. आमच्याकडं मे महिन्यात माणूस असो की जनावर, असं झालं की एकच गोष्ट तोंडात येते. ऊन लागलं. आप्पा म्हणाले, "ऊन बाधलंय त्याला." मलाही तेच वाटलं. मालकीणबाई बाजाराला गेल्या होत्या, विचारायला दुसरं कोणी नव्हतं. ऊन लागल्यावर काय करायचं ते मला लहानपणापासून पाठ आहे. शाळेत खेळाच्या तासाला पोरगी चक्कर येऊन पडली की मीच करते. मी स्वयंपाकघरात गेले, तांब्याभर पाण्यात साखर घातली, आणि मीठ घातलं. चिमूटभर घालतात. मी जरा जास्तच घातलं, कारण जुलाब फार झाले होते.

आप्पांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी वाटीवाटीनं पाजलं. तो शहाण्यासारखा प्यायला. एकदा त्यानं माझं मनगट चाटलं. "पी बाबा पी," आप्पा म्हणत होते, "तायनं केलंय." तांब्या रिकामा झाला तेव्हा मला फार बरं वाटलं. मी एक तांब्या अजून केला.

मालकीणबाई संध्याकाळी आल्या आणि कुत्र्याकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. समुद्राचं पाणी प्यायला का, हे त्यांनी पहिलंच विचारलं. त्यांनी फोन केले. डॉक्टर तालुक्याच्या गावी होते आणि सकाळी भेटणार होते. पहाटे त्याला झटके यायला लागले. आम्ही उजाडताच गाडीत घातलं. आप्पा वाटभर त्याच्या कानाशी बोलत होते. अर्ध्या वाटेत त्यांचं बोलणं थांबलं. मी पुढच्या सीटवरून वळून पाहिलं नाही. मला कळलं होतं.

तरी आम्ही दवाखान्यात गेलो, कारण गाडी तिकडंच चालली होती. आप्पा त्याला घेऊन गाडीत बसले आणि मी एकटी आत गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. समुद्राचं पाणी पोटात गेलं की अंगातलं मीठ वाढतं, असं होतं अधूनमधून, म्हणाले. मग विचारलं, "घरी काही दिलंत का?"

मी सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मीठ नको होतं द्यायला, ताई. साधं पाणी थोडं थोडं देऊन कालच आणलं असतं, तर वाचलासुद्धा असता." मग माझ्याकडं बघून घाईनं म्हणाले, "नक्की सांगता येत नाही अर्थात."

दवाखान्याच्या दारापासून गाडीपर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. तेवढ्यात मी ठरवलं. आप्पांनी विचारलं, "काय म्हनले डागदर?" मी म्हटलं, "वय झालं होतं आप्पा. प्रवास सोसला नाही. काळीज थांबलं." आप्पांनी मान हलवली. वय काही एवढं झालं नव्हतं, ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. पण डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर त्यांनी ते घेतलं. त्यांच्या घरात शिकलेली मी एकटी आहे, आणि माझ्या तोंडून आलेलं ते कधी तपासून बघत नाहीत.

मी मनाशी म्हणत होते की हे आप्पांसाठी केलं. हात आडवा त्यांनी धरला होता, ते कळलं तर ते खचतील. पण हे अर्धंच खरं आहे. मला माझं मीठ लपवायचं होतं.

एवढ्या लांब, त्या उन्हात, त्याला घरी आणणं शक्य नव्हतं. मालकीणबाईंनी मागच्या नारळांमध्ये जागा दिली. ह्यांनी खड्डा खणला. आप्पांनी पटका काढून त्यात त्याला गुंडाळलं. आप्पांना मी बोडक्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं, आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही. मग मालकीणबाई घरातून पिशवी घेऊन आल्या. खड्ड्यात मीठ घालायची रीत आहे, तिकडंही आणि आमच्याकडंही.

"नको," मी म्हटलं. "मीठ नको."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आप्पा म्हणाले, "असं करू ने माय. घालतेत. त्याबगर माती बरी ऱ्हात न्हाई." आणि ती पिशवी त्यांनी माझ्याच हातात दिली. "घाल. तुज्या हातनं घाल." मी घातलं. सगळी पिशवी रिकामी होईपर्यंत घातलं. लेक माझा पदर धरून रडत होती. मला रडायला आलं नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे.

आप्पा आता माझ्याकडंच राहतात. नाही म्हणायला कारण उरलं नाही. मी वर्षभर भांडून जे मागत होते ते मला मिळालं. सकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि खाली रस्त्याकडं बघतात. कुणाला काही विचारत नाहीत. गावाकडचं कुणी भेटायला आलं की मात्र बोलायला लागतात, आणि समुद्राचं सांगतात. पाणी किती होतं, कुत्रा कसा पळाला, सगळं. मी चहा घेऊन येईपर्यंत गोष्ट शेवटाला आलेली असते.

परवा ताडकळसहून माझी आत्या आली होती, आप्पांची धाकटी बहीण. तिनं आप्पांना विचारलं, "लय तकलीफ झाली का रं दादा त्याला?"

"झाली की," आप्पा म्हणाले. "पर मरन लय चांगलं आलं. आपल्या मानसांतही असं येत न्हाई. डोस्कं माझ्या मांडीवर, आन् हिनं वाटीवाटीनं पाजलं त्याला. ह्या हातानं." त्यांनी ट्रे धरलेलं माझं मनगट धरलं आणि बहिणीला दाखवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "माझ्या टायमालाबी दुसऱ्या कुनाला जवळ येऊ देऊ नको माय. तूच पाज."

आत्या डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, "हो आप्पा."