पीपी नंबर

आमच्या घरात इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं, पण 'नंबर' हा शब्द उठता-बसता यायचा. रेशनला नंबर लावायचा, चष्म्याचा नंबर वाढायचा, कॉलेजात नंबर लागायचा. गल्लीत कुणाच्या दारात अचानक नवी स्कूटर दिसली की बाबा डोळे बारीक करून म्हणायचे, "दोन नंबरचा पैसा." ताईच्या लग्नाच्या मांडवातच मावशीनं माझा गालगुच्चा घेतला होता, "आता हिचा नंबर." मला तो नंबर नको होता. मला नोकरी हवी होती, आणि नोकरी लागली तरच घरचे थांबणार होते.

बाबांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या कचेरीत मराठी आली, दरखास्तीचा अर्ज झाला. पण राज्य बदलल्याची खरी खूण त्यांच्या लेखी एकच, नंबर. "पूर्वी ओळखीवर कामं व्हायची, आता नंबरावर होतात," असं ते अभिमानानं सांगत. टेलिफोनसाठी केलेला आमचा अर्ज वर्षानुवर्षं पडून होता, तरी त्यांची श्रद्धा ढळली नव्हती.

गल्लीत फोन एकच. गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले चाचा आमच्या समोर राहायचे, त्यांच्याकडे. सगळी गल्ली लग्नपत्रिकेवर आणि अर्जावर त्यांचा नंबर छापून पुढं 'पीपी' लिहायची, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलणारे आम्ही. फोन आला की चाचा गॅलरीत येऊन हाक मारत. त्याआधी कोण, कुठून, कशासाठी याची चौकशी ते पुरी करत आणि हाकेतच सगळं सांगून टाकत. फुकटात एवढं सोसावंच लागतं.

एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्टच्या जागेसाठी मी मुलाखत दिली. "निवड झाली तर फोन करू, दोन दिवसांत रुजू व्हावं लागेल," असं साहेब म्हणाले. मी चाचांचा नंबर लिहून दिला.

त्याच आठवड्यात सार्वजनिक नळावर भांडण झालं. पाणी यायच्या आधी तिथं बादल्या, फुटक्या घागरी, कुणाची तर नुसती वीट रांगेत ठेवलेली असायची आणि माणसं घरी चहा पीत बसायची. बाबांना हे कधीच पटलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चाचांची बादली उचलून बाजूला ठेवली.

"नंबर माणसाचा असतो, बादलीचा नाय!"

"अरे वा मियाँ, बादली काय आपल्या पायानं चालत आली का इथं?"

दोघं इतका वेळ भांडले की पाणी येऊन गेलं. रिकाम्या बादल्या घेऊन दोघंही घरी आले आणि बोलणं बंद झालं.

मी रोज गॅलरीकडे कान लावून बसायचे. चाचा सगळ्या गल्लीला हाका मारायचे, मला नाही. पंधरा दिवसांनी तेच मला वाटेत भेटले.

"बेटा, नोकरी का नाय घेतली?"

"फोन कधी आला?" मी विचारलं.

"तू टायपिंगच्या क्लासला गेली होती तवा फोन आला, मी तुझ्या बाबांना लई हाका मारल्या. ते दारातून म्हणाले, राँग नंबर हाय म्हनून सांगा. दार लावून घेतलं."

घरी येऊन मी बाबांना विचारलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, चपला घातल्या आणि चाचांचा जिना चढले. चाचांनी नंबर फिरवून दिला असावा. बाबा रिसीव्हरमध्ये 'साहेब, साहेब' म्हणत होते, ते मला आमच्या दारात ऐकू येत होतं. माझ्यासाठी ते कधी कुणाला असं विनवतील, असं मला वाटलं नव्हतं.

परत आले ते उंबऱ्यातच थांबले.

"यादीतल्या पुढच्या मुलीला घेतलं त्यांनी. नियमानं बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. मग खाली बघून, "चूक माझी झाली."

बाबांच्या तोंडून हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. आई आतून बाहेर आली आणि मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून माझ्याकडे पाहू लागली. मला नुसता राग आला होता. असू द्या म्हणायला हवं होतंस, असं ताई अजून सांगते. मला अजूनही तसं वाटत नाही.