कुंदा झाडेच्या नावावर चाललेलं काम

पांढरकवड्याजवळ हमरस्त्यालगतच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये कुंदा झाडे चौदा वर्षांपासून काट्याचं मशीन सांभाळत होती. मशीन म्हणजे काटाखोलीत टेबलाखाली ठेवलेला लिनक्सचा सर्व्हर. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन त्याच्याकडे जायचं आणि प्रिंटरमधून वजनाची काटापट्टी निघायची. तिचे वडील तहसिलीत कारकून होते, आजोबा पोस्टात. कामात कोणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, हे घरातलं वळण. सकाळी आल्याबरोबर ती काळ्या पडद्यावर 'टॉप' लिहायची. त्या घडीला मशीनमध्ये कोणकोणती प्रोसेस चालू आहे, ती कोणाच्या नावावर आहे आणि किती ताकद खाते, याची यादी समोर यायची. ती नजरेखालून घातल्याशिवाय कुंदा चहा घेत नसे.

ऑगस्टमध्ये मालक पुंडलिकरावांनी बायकोच्या नात्यातला पियूष नावाचा तरुण नागपूरहून सिस्टिम मॅनेजर म्हणून आणला. पहिल्याच आठवड्यात त्यानं कुंदाचा पासवर्ड मागितला.

"ऑडिटसाठी लागते ताई. फॉर्मॅलिटी आहे."

कुंदानं चिठ्ठीवर लिहून दिला. नवा माणूस आहे, वर मालकाचा पाहुणा. नाही कसं म्हणायचं?

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि काटापट्ट्या अडायला लागल्या. एका पट्टीला दहा-दहा मिनिटं. फाटकापासून हमरस्त्यापर्यंत टेम्पोंची रांग लागली, शेतकरी काटाखोलीच्या खिडकीवर हात आपटू लागले. तिसऱ्या दिवशी पुंडलिकराव स्वतः आले. पियूषनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे पाहा मामाजी. मशीनची नव्वद टक्के ताकद एकच प्रोसेस खाऊन राह्यली. नाव 'काटाबॅकअप'. आणि चालवणारं कोण? कुंदा."

काटाखोलीपुढच्या शेडमध्ये हमाल, ड्रायव्हर, शेतकरी मिळून तीसेक माणसं होती. कुंदानं पडद्याकडे पाहिलं. नाव खरंच तिचं होतं.

"मी असं काही लावलं नाही," ती म्हणाली.

"मग मशीन खोटं बोलते का?" पियूष हसत म्हणाला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पुंडलिकरावांनी तिच्याकडे न पाहताच सांगितलं, "कुंदाबाई, उद्यापासून तुम्ही फाटकावर टोकन वाटा."

ती घरी गेली ती हमरस्त्यानं पायीच. ते हसू कोणाचं होतं हे तिला कळलं नव्हतं, म्हणून त्या तिसांपैकी प्रत्येकाचा तिला राग आला. पण तो राग दोन दिवसांत आटून एकाच माणसावर येऊन थांबला.

फाटकावरच्या टपरीवजा खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता. तिसऱ्या दिवशी कुंदानं त्यावरून सर्व्हरला लॉगिन करून पाहिलं. पासवर्ड चालला. पियूषनं तिचं खातं बंद केलंच नव्हतं. बंद केलं असतं तर खापर कोणाच्या नावावर फोडणार होता?

यादीत 'काटाबॅकअप' सगळ्यात वर होतं. तिनं त्या प्रोसेसचा नंबर घेतला आणि मूळ फाईल कोणती ते मशीनला विचारलं. वरचं नाव बदललं तरी मशीन आतलं नाव विसरत नाही. बॅकअप वगैरे काही नव्हतं. तो व्हिडिओ दाबून लहान करायचा प्रोग्राम होता आणि त्याच्या तोंडी लग्नांच्या शूटिंगच्या फाईली होत्या. पियूषच्या मेहुण्याचा नागपुरात व्हिडिओचा स्टुडिओ आहे, हे साऱ्या जिनिंगला ठाऊक होतं. मग तिनं प्रोसेसची वंशावळ काढली. प्रत्येक प्रोसेसला बाप असतो. म्हणजे तिला जन्म देणारी दुसरी प्रोसेस. तिच्या नावावरच्या कामाचा आजा होता पियूषचं स्वतःचं लॉगिन. आपल्या लॅपटॉपवरून तो आत यायचा, तिथून तिच्या पासवर्डनं कुंदा व्हायचा आणि काम लावून द्यायचा.

काम तिच्या नावावर होतं, म्हणून ते मारायचा हक्कही तिलाच होता. 'किल' लिहून नंबर टाकला की संपलं. तिची बोटं कळफलकावर गेलीसुद्धा. मग तिनं हात मागे घेतला. आज मारलं तर तो उद्या दुसऱ्या नावानं लावील आणि आपण फाटकावरच बसू. त्याला तीस माणसांसमोर धरायचा, त्याच शेडमध्ये.

तिनं वही केली. रोज तारीख, वेळ, प्रोसेसचा नंबर, वंशावळ. एकोणीस दिवस. कुंदाबाईनं लावून ठेवलेलं काम रोज पुन्हा सुरू होते, असं पियूष मालकाला सांगत होता. टोकन घ्यायला आलेले शेतकरी मशीनला शिव्या घालायचे आणि ती मुकाट्यानं ऐकायची. येता-जाता पियूष खिडकीत वाकून विचारायचा, "कसं चाललं ताई?" ती म्हणायची, "मस्त चालू आहे सर." रात्री जेवताना तिला त्याचा चेहरा आठवायचा आणि घास गोड लागायचा.

विसावा दिवस मंगळवार होता. दुपारी दोनला पुंडलिकराव येणार हे तिला माहीत होतं. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी पियूषनं काम लावलं, तिनं वहीत लिहिलं. रांगेत साठ गाड्या होत्या. खेमसिंग राठोडच्या टेम्पोत कापसाच्या ढिगावर त्याची आई रुपीबाई सकाळपासून बसली होती. बारा वाजता खेमसिंग खिडकीशी आला आणि आईकडे बोट दाखवलं.

"मॅडम, याडीले चक्कर येऊन राह्यली. नंबर पुढं लागते का?"

"मशीन बंद आहे भाऊ. दोन वाजेपर्यंत सुरू होईल," कुंदा म्हणाली. समोरच्या पडद्यावर तो नंबर होता. एक ओळ लिहिली असती तर अर्ध्या तासात टेम्पो काट्यावर गेला असता. तिनं लिहिली नाही.

दीडच्या सुमारास रुपीबाई पाणी प्यायला खाली उतरताना तोल जाऊन टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर आदळली. हात मनगटाच्या वर मोडला. खेमसिंग तिला दुसऱ्याच्या गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. आरडाओरडा झाला, लोक काटाखोलीपुढं जमले, आणि त्या गर्दीतच पुंडलिकरावांची गाडी आत आली.

कुंदा वही घेऊन शेडमध्ये गेली. "मालक, पाच मिनिटं पडदा मले द्या."

पियूष म्हणाला, "हिचंच काम चालू आहे पाहा, आजबी."

"नाव माझंच आहे," कुंदा म्हणाली. "बाप कोणाचा आहे ते दाखवते."

तिनं वंशावळ पडद्यावर काढली आणि खालून वर एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. सगळ्यात वर पियूषचं नाव आलं. मग तिनं ती प्रोसेस मारली नाही, नुसती थांबवली. प्रिंटर खडखडला आणि अडलेल्या पट्ट्या एकामागून एक बाहेर पडल्या. तिनं प्रोसेस पुन्हा सुरू केली. प्रिंटर मुका झाला. पुन्हा थांबवली, पुन्हा पट्ट्या. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी तिनं केलं, सावकाश, पियूषच्या तोंडाकडे पाहत.

"आता सांगा सर. मशीन खोटं बोलते का?"

पियूषनं मामाजी, मामाजी करून पाहिलं. पुंडलिकरावांनी त्याच्याकडून चाव्या घेतल्या आणि बाहेर जायला सांगितलं. कुंदा त्याच्या आधी फाटकावर जाऊन उभी राहिली होती. तो आला तेव्हा तिनं एक टोकन पुढं केलं.

"रांगेतून जा सर. साठ गाड्यांच्या मागं."

लोक हसले. या वेळी कोण कोण हसलं ते तिनं नीट पाहून घेतलं.

संध्याकाळी पुंडलिकरावांनी वही मागवून घेतली आणि पानं चाळली. शेवटच्या पानावर थांबले.

"अकरा वाजून पाच. तुम्हाले तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"मग बंद काहून नाही केलं?"

"केलं असतं तर तुम्ही पाह्यलं नसतं."

त्यांनी वही मिटली. "उद्यापासून काटाखोलीत या," एवढंच म्हणाले आणि वही परत न देता उठले.

रविवारी कुंदा दवाखान्यात गेली. खेमसिंग उठून उभा राहिला. "याडी, याच मॅडमनं मशीन चालू केलं." रुपीबाईचा हात प्लास्टरमध्ये होता. कुंदा पलंगाजवळ स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं, अकरा वाजून पाच मिनिटांपासून. त्या माणसाला चारचौघांत पाडायचं होतं म्हणून थांबले, असंही सांगितलं.

खेमसिंग खिडकीबाहेर पाहू लागला. रुपीबाईनं विचारलं, "पडला का तो?"

"पडला."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. मग आपल्या हाताकडे पाहून म्हणाली, "पण मले कायले पाडलं, बाई?"

कुंदानं सरकलेली उशी त्या हाताखाली नीट केली. मग नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं.

सोमवारी काटाखोलीत आल्याबरोबर तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. काट्याच्या वेळात वजनाखेरीज दुसरी कोणतीही प्रोसेस मशीनची ताकद खायला लागली, तर तो त्या प्रोसेसला लगेच थांबवायचा; नाव कोणाचं आहे, बाप कोण आहे, कोणाला विचारायचं नाही. त्या कामात तिनं स्वतःचाही हात ठेवला नाही.

जानेवारीत नागपूरच्या एका कंपनीतून फोन आला. पियूषनं तिथं अर्ज केला होता, जुन्या जागी चौकशी चालू होती. कुंदानं त्यांचा ई-मेल पत्ता विचारून घेतला. वहीतली सगळी वीस दिवसांची पानं तिनं मशीनमध्येही ठेवली होती. एकोणीस दिवसांची पाठवताना तिला रुपीबाईचा प्लास्टरमधला हात आठवला. मग विसाव्या दिवसाचं पानही जोडलं, अकरा वाजून पाच मिनिटांचं, तिच्यावरही बोट ठेवणारं, आणि पाठवून दिलं.