डंपरला दिलेलं गाणं

पत्रक कुणी वाचत नाही. कॉलेज सुटल्यापासून मी पत्रकंच लिहितेय, तेव्हा हे मी सांगू शकते. पनवेलच्या एसटी स्टँडवर, रोडपालीच्या नाक्यावर लोक ते हातात घेतात, गरम होत असेल तर त्यानेच वारा घालतात आणि बस आली की बाकावर ठेवून जातात. म्हणून आम्ही सिनेमा केला.

कारण सरळ होतं. खाडीच्या तोंडाशी भराव टाकायला गावाची संमती हवी होती आणि तो विषय गावच्या सभेत येणार होता. संमती मिळाली की खाडीचं तोंड बंद. भरतीचं पाणी आत येणार नाही. पाणी नाही म्हणजे चिंबोऱ्या नाहीत, खुबे-शिंपले नाहीत, बायांच्या हातात येणारे चार पैसे नाहीत. गावाने ‘नाही’ म्हणावं, एवढ्याचसाठी अर्ध्या तासाचा सिनेमा. चित्रण मोबाइलवर, जोडणी पनवेलमधल्या लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका दुकानात. जीव ओतला तो संगीतात.

माझा मित्र त्याच गावचा कोळी. दिवसा कंटेनर यार्डात काम आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं ते तारांचं वाद्य, भोंग्यांना जोडलेलं, ज्याच्याशिवाय आमच्या भागात हळद लागत नाही. त्याची आई खाडीत उतरून चिंबोऱ्या धरते. सिनेमात ती बोलते, तिथे त्याने स्वतःची चाल बांधली. लग्नाचे विधी चालू असताना बाया धवले गातात, लांब, संथ, एका श्वासातून दुसऱ्यात जाणारे. आईच्या तोंडचा तसाच एक धवला धरून त्याने ती चाल रचली होती. ती वाजली तेव्हा दुकानातला जोडणीवाला माउस सोडून नुसता बसला होता.

आणि जिथे डंपर येतात तिथे मी माझी गाणी घातली. आमच्या जन्माआधीची इंग्रजी रॉक गाणी, होस्टेलवर एका सीनियरच्या पेनड्राइव्हमधून मिळालेली. लढाईविरुद्ध, सरकारविरुद्ध, मालकाविरुद्ध किंचाळणारी. गिटार अशी, की दात शिवशिवतात. शब्द नाही कळले तरी राग कळेल, असा माझा हिशोब. मित्र तर खूश. “सॉलिड! डंपर कसा राक्षस दिसतोय बघ,” म्हणाला आणि त्या गिटारीखाली त्याने आपल्या बेंजोचाही एक थर चढवला.

सभेच्या आदल्या संध्याकाळी समाजमंदिरात चादर ताणली. गाव भरून आलं होतं. पडद्यावर त्याची आई आली, गुडघाभर चिखलात उभी. खाली ती चाल सुरू झाली. आणि पुरुष उठायला लागले.

कुणी कुणाला खूण केली नाही. लग्नात धवले सुरू झाले की पुरुष मांडवाबाहेर तंबाखू मळायला जातात, तसे ते निघाले. मी दारात आडवी झाले. “काका, बसा ना. आत्ताच तर सुरू झालंय.”

“बायांचं धवलं चाललंय ना गो? होऊ दे. नाच लागला का हाक मार.”

पडद्यावर आई म्हणत होती, “पाणी बंद झालं तर आमी चिंबोऱ्या कुठं धराव्या? डांबरावर?” ते ऐकलं बायांनी. बायांना ते ऐकवायची गरजच नव्हती!

मग गिटार वाजली आणि डंपर आले. बाहेरचे सगळे आत. शिट्ट्या. पोरांनी खुर्च्या मागे सारल्या, हात वर गेले आणि नाच सुरू झाला. पलीकडे आधीच चालू असलेल्या भरावाची कामं याच गावच्या पोरांना दिलेली, इथलंही त्यांनाच मिळणार होतं. डंपर त्यांचेच, कर्ज काढून घेतलेले. “अरे, आपली गाडी! ती बघ, तीच!” एकाने मोबाइल काढला, मग सगळ्यांनीच काढले.

मी लॅपटॉप बंद केला.

“ए बाय, गानं का बंद केलास?”

“हे गाणं नाही! तुमच्या खाडीचं मढं उचलतायत ते!”

“मग मढ्याला पन बेंजो लागतोच की!” मागून कुणीतरी म्हणालं. समाजमंदिर हसलं. माझा मित्र भिंतीकडे तोंड करून वायर गुंडाळत होता.

दुसऱ्या दिवशी सभेला गेले तर ज्याच्या त्याच्या स्टेटसला तोच तुकडा. डंपर, धूळ, माझी गिटार, त्याचा बेंजो. कुणीतरी खाली भगव्या अक्षरात ‘आपला दरारा’ असंही टाकलेलं. संमती असेल त्यांनी हात वर करा म्हटल्यावर पुढच्या रांगा एकदम वर गेल्या. मागे बाया बसल्या होत्या. मित्राची आई उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, “मावशी, विषय झाला. चहा घेऊन जा.”

तेव्हापासून मी एकच गोष्ट चघळतेय. त्या लांब केसवाल्या इंग्रजी गायकांनी मालकाविरुद्ध घसा फाडला आणि ते गाणं इथे येऊन मालकाचा भराव टाकणाऱ्या डंपरवर बसलं. गाण्याला बाजू नसते. ज्याच्या हाती डंपर, त्याचं गाणं. हे पत्रकात छापता येत नाही, कारण पत्रकाच्या शेवटी ‘चला, एक होऊया’ लिहावं लागतं.

भरावाचा नारळ फुटला त्या दिवशी मित्राच्या पार्टीला सुपारी होती. आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

“ते पिक्चरमधलंच वाजवा म्हणतात.”

“आणि तू?”

“मी नाय म्हटलं तर दुसरी पार्टी वाजवेल. तुजं पत्रक वाजवू?”

मी फोन ठेवला. त्याने वाजवलं. मी गेले नाही, पण मला पाहावंच लागलं; पुन्हा ज्याच्या त्याच्या स्टेटसला तेच होतं.

परवा गावात गेले होते. त्याची आई बांधावर बसली होती, टोपली उपडी करून तिच्यावरच. मी शेजारी बसले. समोर चिखल, त्यात ओढल्यासारख्या बारीक रेघा, एक बगळा. ओहोटीला असते तशीच खाडी. तेच मी म्हणाले, काहीतरी बोलायचं म्हणून.

“ओहोटी नाय पोरी,” ती म्हणाली. “भरती हाय आता.”