एक तारखेचा फोल्डर

अंबरनाथच्या पंप कारखान्यातला टेस्टिंगचा प्रोग्राम उन्मेषने बनवला होता. स्क्रीनवर चौकोन मांडायचे, वायरींनी जोडायचे. विभागाचं नाव आणि आजची तारीख एकमेकांना जोडली, की रिपोर्ट कुठे ठेवायचा तो पत्ता तयार. "तीन वर्षांत एकदा अडकला असेल तर दाखवा!" अशी फुशारकी हा शहाणा जेवणाच्या सुट्टीत मारायचा. पंप तपासणारे नाथाकाका नुसते हसायचे.

बारा तारखेला नाथाकाका ऑपरेशनच्या टेबलावरच गेले.

पुढच्या एक तारखेला सकाळी स्क्रीनवर लाल अक्षरं आली: फोल्डर सापडत नाही. उन्मेषने एकेक वायर तपासली, सगळं बरोबर. मग त्याने रिपोर्ट साठवायचा ड्राइव्ह उघडला. प्रत्येक फोल्डरसमोर बनवणारा म्हणून नाथाकाकांचं नाव होतं. प्रोग्राम पत्ता जुळवत होता, पण त्या पत्त्यावर फोल्डर बनवायची सोय उन्मेषने केलीच नव्हती. तीन वर्षं रोज तो यायच्या आधी नाथाकाकाच हाताने त्या दिवसाचा फोल्डर बनवत होते. कधी चकार शब्द काढला नाही.

शेवटचे वीस फोल्डर एकाच दिवशी बनवलेले होते, दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी. तेही महिनाअखेरपर्यंतचेच.

एक तारखेला आपण परत कामावर येऊ, असं नाथाकाकांनी धरलं होतं.