तिसरी हाक

गोरखनं ओतूरच्या दलीचंदशेटला कड्यावरून ढकललं, असं बेल्ह्याच्या बाजारात अजून छातीठोकपणे सांगतात. शेट मात्र ओतूरला आपल्या दुकानात जिवंत बसलेत, गुडघा चोळत.

घडलं ते असं. डोंगरावर एका डॉक्टरनं गुडघ्यांचं शिबिर काढलंय. सकाळी तेलाचा शेक, संध्याकाळी कड्यावरचा सूर्यास्त. डॉक्टर माइकवरून गातात, "नी-पेन को बोलो बाऽय बाय!" मुंबईचे, पार दुबईचे गुडघे लंगडत येतात. त्यांना दोर धरायला लावून कड्यापर्यंत न्यायचं नि परत आणायचं, हे गोरखचं काम.

त्या संध्याकाळी धुकं असं चढलं, की गोरखला स्वतःचा हात दिसेना. बाकीचे दोराला होते. शेट नव्हते.

"शेटजीऽ!"

  पडले का काय? गोरख कड्याकडं सरकला.

"शेटजी, कुठं हाये तुमी?"

शेट मागंच खडकाला टेकून बसले होते, तोंड गच्च मिटून. धुक्यात चकवा ओळखीच्या आवाजात बोलावतो, पण त्याला दोनच हाका येतात, हे त्यांच्या आजीनं लहानपणीच कानात घातलेलं. ओ द्यायची ती तिसरीला.

गोरख ओणवा झाला. पायाखालचा दगड निसटला. खाली आपटल्याचा आवाज यायला लई वेळ लागला.  तिसरी हाक फुटेना.

"शे... शेटजी!"

"ओऽ!" पाठीमागून आलं. "आरं मागं फिर राव, तिकडं मरायला चालला का?"

खाली आल्यावर गोरख भडकला, "पहिल्या हाकेला तोंडात गुळणी धरली व्हती का?"

"तो तूच व्हता, हे मला काय ठाऊक?"

शेटनी आजीचं सांगणं ऐकवलं, तेव्हापासून गोरखही तिसऱ्या हाकेलाच ओ देतो. कुशाबाई, त्याची बायको, करवादते, "तीनदा बोलवूस्तोवर भाकर निवती."

मी त्यांचा शेजारी, मला नकला येतात. "भाऊ, शेटच्या आवाजात तुम्हाला पहिल्या हाकेला बोलायला लावतो," मी म्हणालो. पैज मासवडीची.

परवा धुकं खाली उतरलं. तो ओट्यावर दोर गुंडाळत होता. कडब्याच्या गंजीमागून मी शेटसारखा गेंगाणा आवाज काढला, "गोरऽख!" गप्प. दुसरी. गप्प. हरलो, म्हणून तोंड मिटून बाहेर येत होतो, तेवढ्यात तो कड्याकडं बघत म्हणाला, "ओ, आलो शेटजी."

"भाऊ, तिसरी मी मारलीच नाय."

त्याच्या हातातून दोर सुटला.

हरलेली मासवडी घेऊन काल गेलो. दाराला आतून कडी. तीनदा हाक मारली. आत भांडं वाजलं, पण ओ कुणी दिली नाही.