सासऱ्यांचे टाके आणि माझी अलॉय चाकं

मिल बंद झाली तेव्हा आमच्या खात्यातल्या शहाण्या लोकांनी हाती आलेली रक्कम बँकेत टाकली. मी सेकंडहँड मोटार घेतली, आणि ती म्हातारी दिसते म्हणून तिला मोठी अलॉय चाकं बसवली. माणूस बेकार असला तरी त्याने बेकार दिसू नये, एवढाच माझा हेतू. सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान. मढ्याला बूट घातलेत."

सासऱ्यांचे पणजोबा संस्थानी फौजेत होते. ती फौज बरखास्त झाल्याचं आमच्या सासऱ्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. जावयाशी ते नेहमी 'अहो-जाहो' करत. त्याने शिवीला धार येते. पण माझी सगळी भिस्त त्यांच्यावरच. इंदूरच्या सांवेर रोडवर त्यांच्या मित्राचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना होता. बाजार नुकता मोकळा झालेला, जो तो काहीतरी विकायला निघालेला. त्या मित्राला फिरता सेल्समन हवा होता. सासऱ्यांनी शब्द टाकला की मी लागलो.

"टाकतो शब्द," ते म्हणाले. "आधी माझं मूळव्याधीचं ऑपरेशन उरकू दे. दवाखान्यातून घरी तुम्हीच न्या मला. तो संध्याकाळी भेटायला येणारच आहे. बघू, एक काम तरी धड जमतं का."

म्हणजे माझी मुलाखत त्यांचे टाके घेणार होते.

प्रश्न होता हवेचा. जुन्या टायरला रबराचं चांगलं गुबगुबीत पोट होतं. नव्या चाकात धातूच जास्त, वर रबर धिरड्याच्या काठाएवढं. हवा कमी ठेवावी तर खड्ड्यात अलॉय थेट आपटून वाकणार. जास्त भरावी तर अख्खा खड्डा बसणाऱ्याच्या बुडापर्यंत पोचणार. चाकं वाचवायची की टाके, एवढंच ठरवायचं होतं.

चाकं ज्याने विकली त्या दुकानातल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "भिया, गाड़ी की किताब में जो लिक्खा है ना, उससे दो-तीन पौंड ऊपर रखो. बस. टेंशन काय को ले रिये हो?"

हे मला फारच साधं वाटलं. एवढ्या दिमाखदार चाकांना दोन-तीन पौंड? मग मी टायरच्या अंगावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. तिथे खूप मोठा आकडा होता. ती टायरची कमाल मर्यादा आहे, हेही मला कळलं. पण मर्यादेपर्यंत जायची परवानगी असताना अलीकडे का थांबा? मी तेवढी हवा भरून घेतली. आता खरं सांगायचं तर चाकं मी निवडून घेतली होती. सासरे लग्नाबरोबर आपोआप आले होते.

'जुनी इंदूर' भागातल्या त्या दवाखान्याने सासऱ्यांना बसायला हवा भरलेली गोल रबरी कडी दिली होती. ती मागच्या सीटवर मांडून, कण्हत कण्हत ते तिच्यावर विराजमान झाले. शेजारी बायको. पहिला खड्डा आला तेव्हा सासऱ्यांनी फक्त श्वास आत ओढला. दुसऱ्याला त्यांनी माझ्या आईची आठवण काढली. तिसऱ्या खड्ड्यात माझं मन जरा सुखावलं, हे मी नाकारत नाही. त्यांची आजवरची सगळी बोलणी मला एकेक करून वसूल होताना दिसत होती. मग बादल्यांचा कारखाना आठवला आणि मी ब्रेक दाबला.

"काय झालं?" बायको.

"हवा थोडी जास्त आहे."

"ज्या मिलमध्ये हे बसले ती बंद पडली," सासरे मुलीला म्हणाले. "आता माझ्यावर बसलेत."

भर रस्त्यात गुडघ्यांवर बसून मी चारही चाकांची हवा आगपेटीच्या काडीने सोडली. मोजायला काही नव्हतं. शेवटी बायकोच ओरडली, "अहो, पुरे! टायर झोपले की!"

पुढे मात्र गाडी पाळण्यासारखी निघाली. सासऱ्यांनी डोळे मिटले. "हं, आता जमतंय," एवढंसुद्धा म्हणाले. लग्नानंतरची ही पहिलीच शाबासकी. त्या आनंदात मी राजेंद्र नगरच्या अलीकडचं रेल्वे फाटक जरा जोरात घेतलं. रुळावर मागचं डावं चाक असं आपटलं, की सासऱ्यांच्या तोंडून निघाली ती हाक कुठल्याच देवाची नव्हती. अलॉय वाकलं, हवा गेली.

स्टेपनी होती, पण जुनी, छोटी. पाचव्या अलॉयचे पैसे कुठे होते? ती लावल्यावर गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात खचली, पाय मुडपलेल्या घोड्यासारखी. सासरेही तिच्याबरोबर डावीकडे कलले. सगळा भार एका कुल्ल्यावर गेला, दुखरी जागा अधांतरी राहिली. त्यांनी एकदा बूड हलवून पाहिलं.

मग म्हणाले, "असंच चला. जावईबापू, तुमचं वाकडं पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडतंय."

घराच्या फाटकात मित्र उभाच होता. तीन मोठी चाकं आणि एक छोटं लावलेली गाडी लंगडत आली, त्यातून तिरके सासरे उतरले. मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, "हेच का तुझे जावई? सेल्समनच्या जागेसाठी ज्यांच्याबद्दल बोलायचं म्हणत होतास, ते?"

सासऱ्यांनी रबरी कडी माझ्या हातात दिली. एकदा चाकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "यांना नको घेऊस. यांना ही चाकं ज्याने विकली ना, त्याला शोध. असा सेल्समन तुला साऱ्या इंदूरात मिळणार नाही."

मित्र हसला. बायकोही हसली. मी कडी धरून उभा.

मला वाटलं, थट्टा होती. पण महिना संपायच्या आत तो दुकानातला माणूस खरंच बादल्या विकायला सांवेर रोडला गेला. चाकांच्या दुकानात जागा रिकामी झाली. मालकाने विचारलं, "अनुभव है क्या?" मी त्याला बाहेर नेऊन माझी गाडी दाखवली.

तेव्हापासून मोठी चाकं मीच विकतो. गिऱ्हाईक विचारतं, "भिया, हवा कित्ती भरानी है?" मी पुस्तकातला आकडा बघतो, टायरवरचा भार बघतो, दोन-तीन पौंड वर सांगतो. त्याआधी एवढंच विचारून घेतो, मागे कोण बसणार आहे. कुणी सासरे म्हणालं, की मी पुस्तक मिटतो आणि म्हणतो, "रिक्षा करा."