अक्का-भाऊजींचा बागेतला फोटो

साठ सालच्या आसपास मी अमरावतीला सरकारी कचेरीत कारकून होतो. पगारातून हौसेने एक पेटी कॅमेरा घेतला होता आणि दर रविवारी मोठ्या वाचनालयाशेजारच्या बागेत फोटो काढत फिरायचो. कारंजे काढून झाले, गुलमोहर काढून झाला. माणसांवर काही हात बसला नव्हता.

अशात तेल्हाऱ्याहून माझी थोरली बहीण, अक्का, आणि भाऊजी पाहुणे आले. त्यांचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती, पण दोघांचा मिळून फोटो नव्हता. मी त्यांना बागेत नेऊन वाचनालयासमोरच्या बाकावर बसवले. अक्का या टोकाला टेकली, भाऊजी त्या टोकाला. मध्ये आणखी दोन माणसे आरामात मावली असती.

"जवळ सरका की!"

"लोक पाहून राहिले ना रे," अक्का पदर सावरत म्हणाली.

पाहत होतेच. वाचनालयाच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रे वाचणारी मंडळी एकेक करून कठड्याशी आली होती. जगाच्या बातम्यांपेक्षा त्यांना हा बाक जास्त महत्त्वाचा वाटत असावा.

कॅमेरा पोटाशी धरून वरून त्याच्या काचेत बघावे लागे, आणि तिथे डावे उजवीकडे, उजवे डावीकडे दिसे. मी काचेत पाहून भाऊजींना हाताने खूण केली. खुणेबरहुकूम ते सरकले, पण अक्कापासून आणखी लांब. मी जोरात हात हलवला. ते आणखी सरकले.

"अजून?" त्यांनी विचारले. एव्हाना त्यांचा अर्धा देह बाकाबाहेर होता.

"अजून थोडं!" मान वर न करता, काचेतल्या अक्काकडेच बघत मी म्हणालो.

भाऊजी तोल जाऊन गवतावर बसले. व्हरांड्यात हशा पिकला. एक पेन्शनर वर्तमानपत्र गुंडाळून कठड्यावरून ओरडले, "अहो फोटोवाले, पाहुण्याले बागेबाहेर काढता का?"

अक्का ताडकन उठली. भाऊजींचा दंड धरून तिने त्यांना उभे केले, धोतराला लागलेले गवत झटकले आणि आपल्या शेजारी खेटून बसवले. मग माझ्याकडे वळली. "कावून रे, मानसाले पाडतं का? तुले येते का नाई हे यंत्र?"

तेवढ्यात माझ्या बोटाने खटका दाबला गेला.

आठवड्याने फोटो हाती आला तेव्हा मी कपाळावर हात मारला. अक्काचे तोंड उघडे, बोट माझ्या दिशेने रोखलेले. दुसऱ्या हाताने भाऊजींचा दंड अजून धरलेला. भाऊजी डोळे मिटून हसताहेत. मागे अख्खा व्हरांडा वर्तमानपत्रांसकट उभा. दिवाळीत तेल्हाऱ्याला गेलो तेव्हा फोटो दाखवत म्हटले, "बिघडला. दुसरा काढू."

भाऊजींनी तो माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग अक्काला हाक मारली. "अवं, पाय इकडे. लोकाइसमोर माहा हात धरला तुनं."

"पडले होते ना तुमी!" अक्का चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली. पण लाजली.

दुसरा फोटो काढायला भाऊजींनी साफ नकार दिला. तोच चौकटीत बसवून ओसरीवर टांगला. घरी कोणी आले की त्याला पाणी द्यायच्या आधी फोटोसमोर उभे करत आणि अक्काला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "हे पाहा, असी बोलते माही बायको."